तांब्या सुंदर का दिसतो? उपयोग, सौंदर्य आणि कला यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वास्तुरचना शिकणाऱ्या मुलांना मी सौंदर्यशास्त्र शिकवते. वर्षाच्या पहिल्या तासाला टेबलावर एक पितळी तांब्या ठेवते आणि गप्प बसते. पाचेक मिनिटांत कुणीतरी कंटाळून पहिला प्रश्न विचारतो. दरवर्षी मुले नवी, प्रश्न बरेचसे तेच. घरी, लग्नकार्यात, भांड्यांच्या दुकानात लोक विचारतात ते आणखी वेगळे. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. उत्तरे माझी आहेत, तेव्हा पटली नाहीत तर खुशाल भांडा.

तांब्याच का? ताजमहाल का नाही?

ताजमहालासमोर माणूस उभा राहतो तो "हे सुंदर आहे" असे घरून ठरवूनच. तांब्याबद्दल कुणी काही ठरवलेले नसते. तो मोरीत असतो, देवघरात असतो, पाहुणे आले की फुलपात्र डोक्यावर घेऊन बाहेर येतो. त्याच्याकडे बघायला सांगितले की मुले पहिल्यांदाच बघतात.

आणि ही कल्पना माझी नाही. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर नवरा-बायकोला भारत सरकारने इथे बोलावले होते. १९५८ साली त्यांनी आपला अहवाल दिला. देशभर हिंडून इतके काही पाहिल्यावर त्यांनी सर्वांत वर ठेवला तो रोजच्या वापरातला लोटा, म्हणजे आपला तांब्या. या अहवालाचा धागा धरून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तांब्याने एक संस्था काढली म्हटले तर फार चूक नाही.

ईम्स दांपत्याला त्यात एवढे काय दिसले?

त्यांनी तांब्याची स्तुती फारशी केलीच नाही, प्रश्नांची यादी केली. पाणी किती न्यायचे, किती साठवायचे? हात कुणाचा, बाईचा की पुरुषाचा, केवढा? डोक्यावर न्यायचा, कमरेवर, की हातात? रिकामा असताना तोल कुठे, भरल्यावर कुठे? धार कशी पडते? डोळे मिटून हात फिरवला तर कसा लागतो? दगडावर ठेवला, दुसऱ्या भांड्याला आपटला, तर कसा वाजतो? किंमत किती, आणि मोडीत काढल्यावर काय मिळेल? हे सगळे एकाच भांड्यात सोडवलेले त्यांना दिसले. असे भांडे एकट्या माणसाने बसून आखलेले असणे शक्य नाही, असेही त्यांनी म्हटले आहे.

हे समोर ठेवून तांब्या हातात घ्या. पोट फुगीर आणि खाली, म्हणून भरला की वजन बुडाशी राहते आणि सहजी कलंडत नाही. गळा आवळलेला, त्यामुळे चार बोटे आणि अंगठा तिथे बरोबर बसतात, चालताना पाणी हिंदकळत नाही, आणि विहिरीवर दोरी बांधायची तर ती तिथेच बांधतात. काठ बाहेर वळलेला, म्हणून धार सुटी पडते आणि ओठ न लावता वरून पिता येते. आत कुठे कोपरा नाही, तेव्हा राख-चिंचेने घासताना घाण अडकून राहत नाही. शिवाय गोलाईमुळे पातळ पत्राही ताठ राहतो.

एवढे सांगून झाले की मुले हमखास पुढचा प्रश्न विचारतात.

म्हणजे जे उपयोगी, ते सुंदर. बरोबर?

हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीक लेखक झेनोफोनने लिहून ठेवलेल्या एका संवादात सॉक्रेटिसला कुणीतरी अडवतो, "मग काय, शेणाची पाटीही सुंदर?" सॉक्रेटिस म्हणतो, अर्थात. आपल्या कामाला नीट बसणारी पाटी सुंदर, आणि कामाला न बसणारी ढाल सोन्याची असली तरी कुरूप.

मला हे उत्तर आवडते. पण १७५७ साली एडमंड बर्क या ब्रिटिश विचारवंताने त्याला असा टोला लगावला की अजून कुणाला तो नीट परतवता आलेला नाही. बर्क म्हणतो, उपयोग म्हणजेच सौंदर्य असेल तर डुकराचे थोबाड जगात फार सुंदर ठरायला हवे. ते निमुळते तोंड, पुढचा चिवट कूर्चेचा गोळा, खोल गेलेले बारीक डोळे, सगळे जमीन उकरायला किती चपखल!

वर्गात इथे हशा पिकतो. हसू ओसरले की मी विचारते, मिक्सरचे भांडे कामाला उत्तम आहे ना? सुंदर आहे का? बहुतेक जण मान हलवतात, नाही. एखादी मुलगी "माझ्या आईचा आहे सुंदर" म्हणते, आणि तिचे बहुधा खरे असते.

तेव्हा उपयोग पुरत नाही. पण तो बाजूलाही सारता येत नाही. काठाला भोक असलेला तांब्या कितीही घाटदार असो, धार अंगावर आली की त्याचा घाटही डोळ्यांना खुपायला लागतो.

'फॉर्म फॉलोज फंक्शन' असे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. ते खोटे का?

अर्धे खरे आहे. शिकागोचा वास्तुकार लुई सलिव्हन याने १८९६ मध्ये उंच कार्यालयीन इमारतींवरच्या लेखात ते मांडले, म्हणजे आकार कामाच्या मागून येतो असे. पुढे लोकांनी त्याचा अर्थ "नक्षी नको" असा लावला. गंमत अशी की त्याच सुमारास बफेलो शहरात उभी राहिलेली त्याची गॅरंटी बिल्डिंग खालपासून वरपर्यंत टेराकोटाच्या वेलबुट्टीने भरलेली आहे. बोलणाऱ्याला स्वतःला त्यात विसंगती वाटली नव्हती.

माझी तक्रार वेगळी आहे. काम एकच असले तरी आकार एकच निघतो, असे होत नाही. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघा. सुपारी कातरणे, याहून सरळ काम ते काय? एक पाते, एक बैठक, एक बिजागरी, दोन दांडे. हे ठरले की यंत्राचा विषय संपला. तरीही तिथे कुणाचे दांडे पोपट झाले आहेत, कुणाचे घोडे, कुणाचे मिठी मारलेले जोडपे. सगळे सुपारी सारखीच कातरतात. पाय घासायच्या वज्रींचे तसेच. टाच घासायला खरखरीत बूड पुरते, पण वर धरायच्या जागी कारागिराने पक्षी बसवले आहेत, बायका बसवल्या आहेत.

सुपारी सांगते ती एवढेच की पाते इथे हवे, दांडा इतका लांब हवा. त्यापुढे बरीच मोकळी जागा उरते. त्या जागेत तो कारागीर काय करतो, याला मी त्याची आवड म्हणते. ज्याला करता येत नाही किंवा करायचे नसते, तो साधे दांडे ठेवतो. तेही पुष्कळदा सुरेख असतात.

मग नक्षी ही चैन की गरज?

व्हिएन्नाचा वास्तुकार आडॉल्फ लूस नक्षीला गुन्हाच म्हणायचा. कारागिराची मेहनत, माल आणि वेळ फुकट जातो आणि फॅशन बदलली की वस्तू टाकून देतात, असे त्याचे म्हणणे. मेहनतीबद्दलचा मुद्दा मला गंभीर वाटतो. मात्र लूसने स्वतःच्या इमारतीला रंगीत शिरांचा महागडा संगमरवर लावला. नक्षी माणसाने केली तर गुन्हा, दगडाच्या पोटातून आयती आली तर चालते, असा काहीसा हिशेब.

पण खरे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही, तांबट आळीत मिळाले. पुण्यात कसबा पेठेतून जाताना लांबूनच ठाक् ठाक् ऐकू येते. मी एका दुपारी तिथे बसले होते. समोरच्या गृहस्थांनी लोखंडी दांड्यावर घागर उपडी घातली होती. पायाच्या अंगठ्याने तिला टेकण दिले होते आणि हातोडी पडत होती. हातोडीचे तोंड आरशासारखे घासलेले. प्रत्येक घावाला नखाएवढा चकचकीत चपटा ठिपका उठायचा, घागर किंचित फिरायची, पुढचा घाव शेजारी. ओळीला ओळ लागत गेली. मी विचारले, "काका, ही नक्षी करायला किती वेळ लागतो?" त्यांनी हात न थांबवता सांगितले, "नक्षी नाही ताई, मठार."

फरक मला नंतर उमगला. तांबे तापवून लाल केले आणि गार केले की मऊ पडते, म्हणून तर ते हवे तसे वाकवता येते. पण मऊ भांडे रोज आदळआपट सोसणार नाही. शेवटी त्यावर दाट, सारखे घाव घातले की धातू दाबला जाऊन कडक होतो. मठार म्हणजे हा कडकपणा. ओळ सुटली तर तिथे पत्रा मऊ राहतो आणि पोचा पहिल्यांदा तिथेच पडतो. मठारलेल्या भांड्यावर बारीकसारीक पोचे दिसतही नाहीत, आणि उन्हात धरले की शेकडो ठिपके एकदम चमकतात.

आता सांगा, ही नक्षी की उपयोग? घाव घालणाऱ्या हाताला हा प्रश्न पडलेला नाही. तो तुम्हाआम्हाला पडतो.

हल्ली साच्यात दाबून उठवलेल्या मठारीच्या पाण्याच्या बाटल्या मिळतात. ठिपके तेच, ओळी त्याहून सरळ. तिथे मात्र मठार ही निव्वळ नक्षी झाली. तशा बाटलीत गैर काही नाही, माझ्याकडेही एक आहे. पण दोन्ही शेजारी ठेवल्या तर डोळा फार वेळ फसत नाही.

साधे, सफाईदार, मिनिमल तेच सुंदर, असे आता सगळे म्हणतात.

साधेपणा हीसुद्धा सजावट असू शकते. आमच्या न्हाणीघरात एका नामांकित कंपनीचा चौकोनी नळ बसवला आहे. दिसायला देखणा, वर एकही रेघ नाही. साबणाच्या हाताने तो फिरत नाही. सासूबाई त्यावर फडके बांधून ठेवतात. त्या फडक्याने माझ्या मिनिमल न्हाणीघराची सगळी शोभा घालवली, आणि दोष फडक्याचा नाही.

सौंदर्य बघणाऱ्याच्या नजरेत असते ना? मग वाद कशाला?

ओला बोंबील तुम्हाला आवडतो, मला आवडत नाही. इथे वाद नाही, माझ्या वाटचा तुम्ही खा. पण "हा तांब्या सुंदर आहे" असे मी म्हणते तेव्हा तुम्हालाही तो तसा दिसावा अशी माझी अपेक्षा असते, आणि नाही दिसला तर मी काहीतरी दाखवायला लागते. बघा ना, गळ्याचे वळण बघा. नुसत्या आवडीबद्दल आपण असे काही दाखवत बसत नाही. आवड आणि सौंदर्य यांतला हा फरक जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांटने १७९० साली नेमका पकडला.

शिवाय नजर घडते. भांड्याच्या दुकानात जुनी गिऱ्हाइके तांब्याला टिचकी मारून नाद ऐकतात. नवखी फक्त चकाकी बघतात. दोघांचा कौल सारख्याच वजनाचा आहे, असे मी तरी म्हणणार नाही.

फुलाचा आपल्याला काय उपयोग? तरी ते सुंदर असतेच की.

इथेही कांट उपयोगी पडतो. त्याने सौंदर्याचे दोन प्रकार केले. फूल, पक्षी, भिंतीवरच्या कागदाची वेलबुट्टी यांचे सौंदर्य मोकळे. ते कशासाठी आहे हे माहीत नसले तरी अडत नाही. फूल हे झाडाचे प्रजननाचे अंग आहे हे वनस्पतिशास्त्रज्ञाला ठाऊक असते, पण फूल सुंदर म्हणताना तोही ते मनात आणत नाही. इमारतीचे, घोड्याचे सौंदर्य मात्र बांधील. ही वस्तू काय आहे, कशासाठी आहे, हे धरूनच ते ठरते.

तांब्या दुसऱ्या गटात. पण वर्गात मी तो उपडा करून दाखवते तेव्हा कुणाला घंटा दिसते, कुणाला घुमट. त्या क्षणी तो पाण्यातून सुटतो आणि पहिल्या गटात जाऊन बसतो. सरळ केला की परत तांब्या.

मराठीत यावर कुणी विचार केला आहे का, की सगळे परदेशीच?

केला आहे, आणि चांगला कडाडून केला आहे. कवी बा. सी. मर्ढेकरांच्या मते सौंदर्य म्हणजे संवेदनांची लयबद्ध रचना, आणि त्या लयीचे नियम तीन, संवाद, विरोध आणि समतोल. वस्तूचा उपयोग, तिची नीती, तिची किंमत यांना त्या रचनेत थारा नाही. या हिशेबाने तांब्याचे फुगीर पोट आणि आवळलेला गळा हा विरोध, आणि काठाचे वळण पोटाशी समतोल साधते. पाणी गैरहजर. तांब्याकडे बघायला हे तीन शब्द विलक्षण कामाला येतात, मी रोज वापरते. मात्र तांब्यातले पाणी पूर्ण ओतून टाकायला मी तयार नाही.

रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' १९७४ मध्ये आली. कलेकडे जगण्यापासून अलग, अलौकिक म्हणून बघायचे, की जगण्याचाच भाग म्हणून लौकिक नजरेने? पाटणकरांनी ही दोन्ही टोके उलगडून दाखवली आणि कुठलेच एक टोक धरून निभत नाही, या बाजूला ते आले. पुस्तक जाडजूड आहे. विद्यार्थ्यांनो, प्रकरणे निवडून वाचा, परीक्षेच्या आदल्या रात्री नको.

कला आणि कारागिरी यांत फरक काय?

आपल्याकडे हा फरक मुळात असा नव्हता. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत गाणे, नाचणे, चित्र काढणे आहे, आणि त्यांच्याच रांगेत हार गुंफणे, शिवणकाम, सुतारकाम, स्वयंपाकही आहे. ललित कला एका बाजूला आणि हातकाम दुसऱ्या बाजूला ही वाटणी युरोपात अठराव्या शतकात पक्की झाली. १७४६ साली बात्यू या फ्रेंच लेखकाने ललित कलांना एका तत्त्वाखाली आणणारे पुस्तक लिहिले. पुढे ती वाटणी आपल्या शाळा-कॉलेजांतूनही आली.

वारली चित्राचे बघा. लग्नाचा चौक सवासिनी काढतात, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. मध्ये पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे त्या चित्राला काम आहे, आणि तांब्याच्या कामापेक्षा ते लहान नाही. १९७०च्या दशकात हे चित्र भिंतीवरून कागदावर आले. जिव्या सोमा म्हसे यांनी कोळी, मुंग्या, मासेमारीची जाळी अशी चित्रे रंगवली, जगभर प्रदर्शने झाली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. कागदावरच्या चित्राने लग्न लागत नाही. ते फक्त बघायचे आहे. भिंतीवरचे श्रेष्ठ की कागदावरचे, असे मुले विचारतात. मी उत्तर देत नाही, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि म्हसे यांच्या जाळ्यातली एकेक गाठ बघताना चौकाची आठवण येतेच असे नाही.

खटकते ते निराळे. अनाम कारागिराचे कौतुक करायची आपल्याला हौस आहे. जपानमध्ये यानागी सोएत्सू याने साध्या, सहीविना भांड्यांसाठी चळवळ केली आणि १९३६ मध्ये टोकियोत संग्रहालय उघडले. फार मोलाचे काम. पण आपल्याकडचे कारागीर सगळेच स्वखुशीने अनाम राहिले का? चौक काढणाऱ्या बायकांना, तांब्या घडवणाऱ्या कासार-तांबटांना नाव कुणी विचारलेच नाही. जातीचे नाव पुरे होते. अनामिकतेत सौंदर्य शोधण्याआधी हे कबूल करावे.

फ्रेंच कलावंत मार्सेल द्यूशाँने मुतारीचे भांडे प्रदर्शनात ठेवले तर कला, मग मी माझा तांब्या ठेवला तर?

ठेवा, पण तुम्ही शंभर वर्षे उशिरा आलात. १९१७ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला त्याने ते भांडे आडवे करून, 'आर. मट' अशी खोटी सही करून पाठवले. आयोजकांनी मांडले नाही. त्यात घाटाचा प्रश्न नव्हता. नळ जोडलेला नाही, म्हणजे काम काढून घेतले, आता हे काय उरले ते सांगा, असा तो पेच होता. तो पेच एकदाच घालता येतो.

आमच्या सोसायटीत तांब्याच्या बंबात मनीप्लांट लावला आहे. हे वाईट का?

मला बघवत नाही, पण वाईट म्हणवत नाही. कारण वस्तूने काम सोडून आकार जपणे आपल्याकडे नवे नाही. आंब्याची पाने आणि नारळ ठेवला की तांब्याचा कलश होतो, आणि देवळाच्या शिखरावर तो बसतो तेव्हा त्यात कुणी पाणी भरत नाही. रुखवतात मण्यांनी मढवलेला तांब्या मांडतात, त्यातून पाणी पिऊन बघा! फरक एवढाच की कलशाला त्या जागी नवे काम मिळते. बंबाला मिळाली ती नुसती माती. त्याची मधली नळी, जिच्यात लाकडे पेटायची, ती बुजवली की बंब कसा चालायचा हे पुढच्या पोराला कळायची सोय राहत नाही.

माझ्याकडे आजीचा पितळी तांब्या आहे. वापरू की शोकेसमध्ये ठेवू?

वापरा. आधी बूड बघा, सांधा गळत असेल तर जुन्या पेठेतल्या भांडीवाल्याकडे डाग देऊन मिळतो. दुकानदार चकाकी टिकावी म्हणून वर लाखेचा हात मारू का विचारेल, नको म्हणा. ती शोकेसमधल्या भांड्यांसाठी असते, आणि त्यावर हात फिरवला की पितळ लागत नाही, प्लास्टिक लागते. चिंचेने किंवा लिंबू-मिठाने घासा, लगेच धुऊन कोरडा करा. आत कल्हई उडाली असेल तर करून घ्या. नवसागराचा धूर उठेल, कापसाचा बोळा फिरेल आणि आत चांदीसारखे कथील पसरेल. कल्हई नसताना त्यात ताक ठेवू नका, कळकेल. पाणी चालते.